एका डॉलरचा करार आणि साडेबारा मिनिटांची ‘मशीन गन’

१५ ऑक्टोबर १९६५ या दिवशी न्यूयॉर्कमध्ये एका बावीस वर्षांच्या गिटारवाल्याने एका कागदावर सही केली. करार तीन वर्षांचा. इसारादाखल हातावर एक डॉलर, आणि त्याच्या वाजवण्याच्या रेकॉर्ड निघाल्याच तर विक्रीवर एक टक्का रॉयल्टी. खिशात भाड्याचे पैसे नाहीत, गिटार अधूनमधून गहाण पडलेली, अशा माणसाला एक डॉलरही नको म्हणवत नाही. सही झाली, कागद फायलीत गेला आणि सही करणारा ते विसरूनही गेला.

त्याचं नाव जिमी हेंड्रिक्स. या सहीनंतर तो जेमतेम पाच वर्षं जगला. तेवढ्यात त्याने इलेक्ट्रिक गिटारचा आवाजच बदलून टाकला. रॉकमधले आवडते सोलो निवडायला कुणीही बसलं तरी यादीत त्याची दोन-तीन गाणी येतातच. आणि त्यातला एक सोलो, जाणकारांपैकी अनेकांच्या मते त्याचा सगळ्यात मोठा, त्या एक डॉलरच्या कागदाचं देणं फेडताना वाजवला गेला. हेंड्रिक्सची गोष्ट सांगणारे बहुतेक जण पेटवलेल्या गिटारपासून सुरुवात करतात आणि झोपेच्या गोळ्यांवर येऊन थांबतात. मधला हिशेब राहून जातो.

ज्यांना रॉकची सवय नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. कडवं संपतं, गायक बाजूला होतो आणि पुढचे वीस-तीस सेकंद, कधी कधी पाच-सहा मिनिटं, गिटार एकटीच बोलत राहते. मागे ड्रम आणि बास ठेका धरून असतात. हा सोलो. शब्द नसल्याने भाषा न कळणाऱ्यालाही तो पोचतो. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये इंग्रजी गाण्याचे शब्द गिळले तरी चालतं, सोलो चुकला की मात्र मागच्या रांगेतली पोरं लगेच ओरडतात.

जिमीचा जन्म २७ नोव्हेंबर १९४२चा, अमेरिकेच्या वायव्य टोकाला असलेल्या सिॲटल शहरातला. आई लुसिल सतरा वर्षांची. वडील अॅल महायुद्धामुळे लष्करात, लांब. जन्मताना ठेवलेलं नाव जॉनी अॅलन. वडील परत आल्यावर १९४६ मध्ये ते बदलून जेम्स मार्शल केलं. घरात दारू, भांडणं आणि कायमची पैशांची ओढाताण. १९५१ मध्ये आईवडिलांचा घटस्फोट झाला. धाकट्या भावंडांपैकी तिघांना दुसऱ्यांच्या हवाली करावं लागलं. जिमी आणि त्याचा भाऊ लिऑन वडिलांकडे राहिले, पण तेही कधी इथे, कधी तिथे असेच वाढले. अॅल लोकांच्या बागा साफ करायचा, गवत कापायचा. त्यावर घर चालायचं तेवढं चालायचं.

शाळेतला जिमी झाडू गिटारसारखा धरून हात चालवायचा, ही गोष्ट घरचे आणि शाळेतले दोघंही सांगत. १९५७ मध्ये वडिलांबरोबर एका बाईच्या घरातली अडगळ काढताना त्याला एक जुनी युकुलेली सापडली. तिला एकच तार होती. त्या एका तारेवर तो रेडिओवरची गाणी कानाने काढत बसायचा. पुढच्या वर्षी, म्हणजे १९५८ मध्ये, आई वारली. वडिलांनी पोरांना अंत्यविधीला नेलं नाही. त्याच वर्षी पाच डॉलरची एक साधी गिटार घरात आली.

पोरगा डावखुरा. डावखुऱ्यांसाठीच्या गिटारी मिळणं अवघड आणि महाग. त्याने उजव्या हाताची गिटार उलटी धरली आणि तारा आपल्या हाताला सोयीच्या पडतील अशा क्रमाने पुन्हा चढवल्या. पुढे पैसे आले, हव्या त्या गिटारी आल्या, तरी त्याने ही सवय सोडली नाही. याचे परिणाम गमतीदार झाले. आवाज कमी-जास्त करायची बटणं आणि तारांचा ताण हलवणारी दांडी एरवी हाताच्या खाली असते, ती याच्या बाबतीत वर आली, म्हणजे वाजवता वाजवता सहज फिरवता येऊ लागली. तारांखाली तिरपं बसवलेलं चुंबक उलट बाजूने तिरपं झालं, त्यामुळे जाड तारांचा आवाज जास्त कडक आणि बारीक तारांचा थोडा मऊ येऊ लागला. त्यात याचे पंजे मोठे. अंगठा वरून वळवून तो जाड तारा दाबायचा आणि उरलेली चार बोटं वरच्या सुरांना मोकळी ठेवायचा. म्हणून एकटा वाजवत असला तरी दोघं वाजवतायत असं वाटतं.

पहिली इलेक्ट्रिक गिटार वडिलांनी १९५९ मध्ये घेऊन दिली. पहिला कार्यक्रम सिॲटलमधल्या एका ज्यू प्रार्थनास्थळाच्या तळघरात झाला आणि मध्यंतरातच त्याला बँडमधून काढलं. कारण काय, तर फार चमकोगिरी करतो. ती गिटारही एका क्लबच्या स्टेजमागे रात्रभर राहिली आणि चोरीला गेली. वडिलांनी कुरकुरत दुसरी आणली.

१९६१ मध्ये चोरीच्या गाड्यांतून फिरताना तो दोनदा पकडला गेला. तुरुंग किंवा लष्कर, असे दोनच रस्ते उरले. त्याने लष्कर निवडलं. केंटकी राज्यातल्या फोर्ट कॅम्पबेल छावणीत, १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनमध्ये, विमानातून छत्रीने उड्या मारायचं काम. तिथून त्याने वडिलांना पत्र लिहून गिटार मागवली. छावणीच्या क्लबात तो वाजवत असताना बाहेरून जाणारा बिली कॉक्स नावाचा दुसरा सैनिक थबकला, आत गेला, बास गिटार उचलली आणि साथीला बसला. ही ओळख शेवटपर्यंत टिकली. शिस्तीच्या नावाने मात्र बोंब होती. वर्षभरात, १९६२च्या उन्हाळ्यात, लष्करी सेवेसाठी अयोग्य असा शेरा मारून त्याला घरी पाठवलं. आपण उडी मारताना घोटा मोडल्यामुळे सुटलो असं तो पुढे सांगायचा. १९६५ पासून याच डिव्हिजनचे सैनिक व्हिएतनामला जायला लागले. हे पुढे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

यानंतरची चार वर्षं त्याच्या चरित्रांत पटकन उरकली जातात. खरं शिक्षण तिथे झालं. नॅशव्हिलमध्ये कॉक्सबरोबर क्लबांतून, मग दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या लोकांसाठी चालणाऱ्या थिएटरांतून आणि दारूच्या अड्ड्यांतून, बसने रात्ररात्र प्रवास करत तो वाजवत फिरला. दाताने गिटार वाजवणं, पाठीमागे धरून वाजवणं, हे लंडनला जाऊन सुचलेलं नाही. या मुलखात प्रेक्षक ते मागायचेच. १९६४ मध्ये हार्लेममध्ये आला, अपोलो थिएटरची हौशी कलाकारांची स्पर्धा जिंकली, आयस्ली ब्रदर्सच्या बँडमध्ये लागला, मग लिटल रिचर्डच्या. ही मोठी नावं होती, पण याची जागा मागच्या रांगेत. सगळ्यांचे कोट सारखे, पावलं सारखी, गिटार ठेक्यापुरती. मालकाच्या वर चमकायचं नाही. याचे कपडे, याचं उशिरा येणं, याचं मधेच सुटणं, सगळ्यावरून खटके उडायचे. १९६५ मध्ये लिटल रिचर्डच्या बँडमधूनही त्याला निघावं लागलं.

संगीताच्या खुणा त्याला वाचता येत नव्हत्या. पण दुसऱ्याच्या गाण्यात कुठे भरायचं आणि कुठे गप्प राहायचं, हे तो या नोकरीत शिकला. नुसती जोरात वाजणारी गिटार आणि हेंड्रिक्स यांतला फरक इथलाच आहे. त्याचा सोलो ऐकताना गाणं सुटत नाही, ते या मागच्या रांगेतल्या वर्षांमुळे.

त्याच शरद ऋतूत तो कर्टिस नाइट या गायकाच्या बँडमध्ये वाजवायला लागला आणि निर्माता एड चाल्पिनच्या त्या कागदावर सही झाली. १९६६ मध्ये त्याने स्वतःचा छोटा बँड काढला आणि ग्रीनिच व्हिलेजमधल्या कॅफे व्हामध्ये रोज रात्री वाजवू लागला. रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सची मैत्रीण लिंडा कीथ हिने त्याला ऐकलं आणि ती त्याच्यासाठी माणसं शोधत फिरली. तिच्या सांगण्यावरून अॅनिमल्स या ब्रिटिश बँडचा बास वाजवणारा चॅस चँडलर तिथे आला. त्याला एक जुनं गाणं कुणाकडून तरी रेकॉर्ड करून घ्यायचंच होतं, ‘हे जो’. योगायोग असा की हा पोरगा तेच गाणं वाजवत होता.

चँडलरने जुने करार आहेत का ते विचारून घेतलं, आठवले ते मोकळे करून घेतले. चाल्पिनचा कागद मात्र हेंड्रिक्सला आठवला नाही. २४ सप्टेंबर १९६६ला दोघं लंडनला पोचले. नावाचं स्पेलिंग बदलून ‘जिमी’ नव्या पद्धतीने लिहायचं ठरलं. अॅनिमल्ससाठी चाचणी द्यायला आलेल्या नोएल रेडिंग या गिटारवाल्याच्या हातात बास दिली, मिच मिचेल ड्रमवर आला. गाणी रेकॉर्ड करायला चँडलरने आपल्या गिटारी विकल्या. कमाई मात्र बहामाजमध्ये नोंदवलेल्या एका कंपनीमार्फत वळवली जायची, आणि तिथून हेंड्रिक्सच्या हाती नेमकं किती यायचं हे त्याला कधीच नीट कळलं नाही.

लंडनला पोचून आठवडाच झाला होता. १ ऑक्टोबरला क्रीम या बँडच्या कार्यक्रमात चँडलरने त्याला एका गाण्यापुरतं स्टेजवर चढवलं. एरिक क्लॅप्टन तेव्हा लंडनचा देव होता. हेंड्रिक्सने ‘किलिंग फ्लोअर’ अशा वेगाने सुरू केलं की क्लॅप्टनने वाजवणं थांबवलं आणि तो आत निघून गेला. पुढे दोघांची चांगली मैत्री झाली.

‘हे जो’ ब्रिटनमध्ये सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. मग ‘पर्पल हेझ’. त्यातल्या सोलोत गिटारच्या प्रत्येक सुराबरोबर वरच्या सप्तकातला एक किंचाळणारा सूरही ऐकू येतो. ही करामत रॉजर मेयर नावाच्या तंत्रज्ञाची. तो ब्रिटिश नौदलाच्या खात्यात आवाजाच्या अभ्यासाचं काम करायचा आणि फावल्या वेळात गिटारवाल्यांसाठी डबे बनवायचा. त्या डब्याचं नाव ऑक्टेव्हिया.

दुसरं हत्यार फीडबॅकचं. गावच्या मंडपात माइक कर्ण्यासमोर गेला की जी कुई अशी शिट्टी होते, तीच ही. स्पीकरचा आवाज परत तारेला हलवतो, तार परत स्पीकरला, असं चक्र सुरू होतं. बाकीचे ती टाळायला धडपडायचे. हेंड्रिक्स स्पीकरसमोर दोन पावलं पुढे-मागे होऊन त्या शिट्टीला सुरात बसवायचा आणि हवा तितका वेळ धरून ठेवायचा. ज्या मार्शल अॅम्प्लिफायरांतून हा आवाज निघायचा त्यांचं नाव आणि वडिलांनी ठेवलेलं मधलं नाव एकच, ही निव्वळ गंमत.

१८ जून १९६७ला कॅलिफोर्नियातल्या माँटेरीच्या महोत्सवात दुपारी पंडित रविशंकर सतार वाजवून गेले, तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ. त्याच रात्री हेंड्रिक्सने कार्यक्रमाच्या शेवटी गिटारवर पेट्रोलसारखं द्रव्य शिंपडून काडी लावली. अमेरिकेत तो त्या रात्रीत प्रसिद्ध झाला. रविशंकरांना त्याचं वाजवणं आवडलं होतं, पण वाद्य जाळलेलं पाहून ते व्यथित झाले आणि ही नाराजी त्यांनी पुढे अनेकदा बोलून दाखवली. वाद्याला पाय लागला तरी हात जोडणाऱ्यांना हे पटणं शक्यच नाही. त्या आगीने हेंड्रिक्सचंही नुकसानच केलं असं म्हणावं लागेल. पुढची तीन वर्षं लोक तिकीट काढून आग बघायला यायचे, आणि याला उभं राहून नुसतं वाजवायचं असायचं.

त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या ‘अॅक्सिस : बोल्ड अॅज लव्ह’ या रेकॉर्डचं कव्हर आपल्या वाचकांना ओळखीचं वाटेल. विष्णूच्या विराट रूपाचं कॅलेंडरवर असतं तसं चित्र, आणि त्यात या तिघांचे चेहरे. कंपनीने परस्पर काढलेली कल्पना. हेंड्रिक्सच्या घराण्यात चेरोकी या मूळ अमेरिकन जमातीचं रक्त असल्याचं सांगितलं जायचं. ‘इंडियन’ काही करायचंच होतं तर ते त्या इंडियनांचं करायला हवं होतं, अशी त्याची तक्रार होती. शब्द एक, खंड दोन.

याच रेकॉर्डवर ‘लिटल विंग’ आहे. जेमतेम अडीच मिनिटांचं गाणं. सुरुवातीला गिटार एकटी, घंटेसारखे किणकिणणारे सूर, आणि शेवटी सोलो. तो रंगात येतो न येतो तोच आवाज हळूहळू बारीक होत गाणं संपतं. पुढे कितीतरी गिटारवाल्यांनी हे गाणं लांबवून वाजवलं, सहा-सहा मिनिटांपर्यंत नेलं. मूळ गाण्याची हुरहूर त्यांना साधलेली नाही.

मग १९६८. बॉब डिलनचं ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ काही आठवड्यांपूर्वीच आलेलं, साधं, तोंडाने वाजवायचं हार्मोनिका, गिटार, बास आणि ड्रम एवढंच. हेंड्रिक्सने जानेवारीत लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत ते घेतलं. ट्रॅफिक बँडचा डेव्ह मेसन बारा तारांची गिटार घेऊन साथीला. टेकवर टेक होत राहिले. नोएल रेडिंग वैतागून पबमध्ये निघून गेला, तेव्हा बासही हेंड्रिक्सनेच वाजवली. मग टेप न्यूयॉर्कला गेल्या आणि तिथे उन्हाळाभर त्यावर थर चढत राहिले.

यातला मधला सोलो एकसंध नाही, चार तुकड्यांचा आहे, आणि प्रत्येक तुकड्यात गिटारचा गळा वेगळा. पहिला तुकडा साधा, तारा खेचून, बोलल्यासारखा. दुसऱ्यात त्याने बोटांऐवजी सिगारेट लायटर तारांवरून घसरवला. त्यामुळे सूर एकमेकांत वितळतात, विचित्रवीणेवर मींड घ्यावी तसे, आणि मागून त्यांचा प्रतिध्वनी येतो. तिसऱ्यात पायाखालची वा-वा पेडल, गिटार माणसासारखी तोंड उघडते-मिटते. चौथ्यात एकेरी सूर सोडून तो पूर्ण सुरावटींचे झपाटेदार फटकारे मारत वर चढतो आणि नेमका गाण्यात परत येतो. हे सगळं मिनिटभरात. कुठेही घाई वाटत नाही. हा सोलो तोंडपाठ गुणगुणता येतो, आणि तीच त्याची खरी परीक्षा. डिलनला हे रूप इतकं पटलं की १९७४ पासून तो स्वतः आपलं गाणं हेंड्रिक्सच्या वळणाने वाजवू लागला.

हे गाणं ज्या ‘इलेक्ट्रिक लेडीलँड’मध्ये आहे, ती दुहेरी रेकॉर्ड अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. पण ती पुरी व्हायच्या आत चँडलर निघून गेला होता. रोज स्टुडिओत जमणारी बघ्यांची गर्दी आणि एकेका गाण्याचे पन्नास पन्नास टेक त्याला सहन होईनात. एकेक पैसा मोजून उभा केलेला माणूस तासाच्या भाड्याने घेतलेल्या स्टुडिओत वेळ उधळतोय, हे त्याला बघवत नव्हतं. हेंड्रिक्सच्या बाजूने बघितलं, तर तसं केल्याशिवाय ‘वॉचटॉवर’ झालं नसतं. दोघांचंही बरोबर होतं.

आणि आता तो कागद बाहेर आला. हेंड्रिक्स गाजू लागताच चाल्पिन कोर्टात गेला. करार खरा, सही खरी, मुदत चालू. जुन्या टेपा शोधून शोधून हेंड्रिक्सच्या नावावर विकायला सुरुवात झाली. त्या टेपांत तो निव्वळ साथीला होता, पण कव्हरवर फोटो याचाच. कमाल म्हणजे १९६७च्या उन्हाळ्यात, सगळं तापलेलं असताना, हा गडी पुन्हा चाल्पिनच्या स्टुडिओत गेला आणि जुन्या ओळखीखातर कर्टिस नाइटबरोबर वाजवून आला. वकिलांनी कपाळावर हात मारला असेल.

१९६८ मध्ये अमेरिकेत तडजोड झाली. चाल्पिनला हेंड्रिक्सच्या कमाईत टक्केवारी मिळाली, शिवाय एक आख्खी नवी रेकॉर्ड त्याच्या वाट्याची ठरली, जी कॅपिटल कंपनीने काढायची. म्हणजे एका डॉलरच्या बदल्यात एक पूर्ण एलपी. हेंड्रिक्सने ती लांबणीवर टाकली.

१९६९ साल वाईटच गेलं. मे महिन्यात टोरांटोच्या विमानतळावर सामानात अमली पदार्थ सापडल्याने अटक झाली. डिसेंबरमध्ये ज्यूरीने निर्दोष सोडलं, पण सात महिने टांगती तलवार होती. नोएल रेडिंग निघून गेला. हेंड्रिक्सने जुना सोबती बिली कॉक्सला बोलावून घेतलं. १८ ऑगस्टला वुडस्टॉकच्या महोत्सवात त्याची पाळी आली तेव्हा सोमवारची सकाळ उजाडली होती. रविवारी रात्री संपायचा कार्यक्रम लांबला होता, लाखोंच्या गर्दीतले बरेच जण घरच्या वाटेला लागले होते. चिखलात उरलेल्यांपुढे त्याने अमेरिकेचं राष्ट्रगीत गिटारवर काढलं. ओळीमध्ये जिथे रॉकेट आणि बाँबचे उल्लेख येतात, तिथे गिटारमधून शीळ घालत खाली येणारे बाँब, स्फोट, भोंगे. व्हिएतनामचं युद्ध ऐन भरात होतं. काहींना तो अपमान वाटला, काहींना त्याहून खरं राष्ट्रगीत दुसरं नाही असं वाटलं. चाल त्याने कुठेही मोडलेली नाही, प्रत्येक ओळीला परत येऊन तो ती पुरी करतो. पूर्वी याच देशासाठी तो विमानातून उड्या मारत होता.

वर्ष संपता संपता चाल्पिनचं देणं भागवायचं ठरलं. स्टुडिओत वेळ घालवण्यापेक्षा कार्यक्रमातच रेकॉर्ड करून मोकळं व्हावं, असा विचार. बासवर कॉक्स, ड्रमवर बडी माइल्स, नाव ‘बँड ऑफ जिप्सीज’. जागा न्यूयॉर्कचं फिलमोर ईस्ट, ३१ डिसेंबर १९६९ आणि १ जानेवारी १९७०, दोन रात्री मिळून चार खेळ. देणेकऱ्याला द्यायचा माल म्हटल्यावर कुणीही हातचं राखून वाजवलं असतं. सहा गाण्यांची ती रेकॉर्ड, त्यातली दोन तर माइल्सची.

पण १ जानेवारीच्या रात्री त्याने ‘मशीन गन’ सुरू केलं. शिकागो, मिलवॉकी आणि न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर लढणाऱ्यांना आणि व्हिएतनाममधल्या सैनिकांना त्याने ते अर्पण केलं. गाणं साडेबारा मिनिटांच्या घरात जातं. गिटारचे तुटक फटके आणि माइल्सचा ड्रम एकत्र कडकडतात, अगदी गोळ्यांच्या फैरीसारखे. गाण्याचा पहिला भाग संपतो आणि सोलोचा पहिला सूर लागतो. एकच सूर. तो थांबत नाही. फीडबॅकवर धरलेला, वर वर ताणला जाणारा, माणसाच्या किंकाळीपासून वेगळा न करता येणारा. त्यानंतर मिनिटांमागून मिनिटं तो जे वाजवतो त्यात हेलिकॉप्टर आहेत, रडणं आहे, मधेच जुन्या ब्लूजमधली एखादी साधी ओळ आहे, जणू मरणाऱ्याला घर आठवतंय. वा-वा, ऑक्टेव्हिया, युनि-व्हाइब अशी सगळी यंत्रं पायाखाली चालू आहेत, पण ऐकताना यंत्र आठवत नाही. कार्यक्रमाचं जे चित्रण उरलं आहे त्यात तो जवळजवळ जागचा हलत नाही. दात नाहीत, आग नाही, गुडघ्यावर बसणं नाही. ज्या डिव्हिजनमधून नालायक ठरवून त्याला काढलं, तिची पोरं त्या रात्री व्हिएतनामच्या जंगलात होती.

रेकॉर्ड मार्च १९७० मध्ये कॅपिटलने काढली, अमेरिकेत पाचव्या क्रमांकापर्यंत गेली. हेंड्रिक्स तिच्यावर फारसा खूश नव्हता. बँडही जानेवारीतच मोडला होता.

तेव्हा त्याचं लक्ष दुसरीकडे होतं. तासाचं भाडं कायमचं चुकवायला त्याने मॅनेजर माइक जेफरीबरोबर ग्रीनिच व्हिलेजमध्ये स्वतःचा स्टुडिओ बांधायला काढला होता. कॅफे व्हापासून चालत जाण्याच्या अंतरावर. खर्च दहा लाख डॉलरच्या घरात गेला, मधे पैसे संपले, वॉर्नर कंपनीकडून कर्ज काढावं लागलं, आणि ते फेडायला पुन्हा दौरे. २६ ऑगस्ट १९७०ला ‘इलेक्ट्रिक लेडी’चं उद्घाटन झालं. त्याआधीच्या काही आठवड्यांत त्याने तिथे नवी गाणी घेतली होती. उद्घाटन होताच तो दौऱ्यासाठी युरोपला गेला आणि परत आलाच नाही.

६ सप्टेंबरला जर्मनीतल्या फेमार्न बेटावर, वादळी पावसात, शेवटचा कार्यक्रम झाला. १८ सप्टेंबरच्या सकाळी लंडनमध्ये, मैत्रिणीच्या खोलीत झोपेच्या गोळ्या जास्त झाल्याने, उलटी श्वासात अडकून तो गेला. वय सत्तावीस. चौकशीत मृत्यूच्या कारणाचा निकाल खुला ठेवला गेला. दोन महिन्यांनी ‘व्हूडू चाइल्ड’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर आलं. जिवंतपणी त्याचं एकही गाणं तिथे पहिलं आलं नव्हतं.

मृत्युपत्र नव्हतं. वारसा वडिलांकडे गेला, पण कारभार वकील आणि व्यवस्थापक बघत होते. जेफरी १९७३ मध्ये विमान अपघातात मेला आणि जाताना बरेच हिशेब घेऊन गेला. पडून राहिलेल्या टेपांतून रेकॉर्डमागून रेकॉर्ड निघत राहिल्या, त्यांतल्या काहींत तर दुसऱ्याच लोकांकडून नवी साथ वाजवून घेऊन वर चढवलेली. बागा साफ करणारा अॅल हेंड्रिक्स उतारवयात कोर्टात गेला आणि १९९५ मध्ये, मुलाच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी, त्या संगीताचे हक्क त्याच्याकडे आले. २००२ मध्ये तोही गेला. मग भावंडांत आणि नातलगांत दावे सुरू झाले. ‘इलेक्ट्रिक लेडी’ स्टुडिओ मात्र चालू राहिला, पुढे कितीतरी नामांकित कलाकारांनी तिथे गाणी केली.

वुडस्टॉकला वाजवलेली पांढरी स्ट्रॅटोकास्टर आता सिॲटलच्या संग्रहालयात आहे. तिथून थोड्या अंतरावर, रेंटनच्या दफनभूमीत, जिमीची कबर. दगडावर एक गिटार कोरली आहे. ती उजव्या हाताने वाजवणाऱ्याची आहे.